घरची गाडी: प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२५

२४ सप्टेंबर, बुधवार

परवा घटस्थापनेलाच जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के आणि वर सेस लागायचा, आता सरळ १८ टक्के. मोठ्या गाड्यांना ४० टक्के, पण सेस गेल्यामुळे त्याही उतरल्यात. घरात दिवसभर हाच विषय. संध्याकाळी पिंपरीहून धाकट्या भावोजींचा फोन आला, "वहिनी, आता नाही घेतली तर कधी घेणार? दसऱ्याला डिलिव्हरी मिळतेय, मी बोलून ठेवतो."

गाडी घ्यायची हे उन्हाळ्यातच ठरलंय. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. पुण्याला तपासणीला न्यायचं तर दर वेळी भाड्याची गाडी करावी लागते, आणि गावी मेढ्याच्या पुढे जायचं तर फाट्यापासून घरापर्यंतचा चढ त्यांना आता जमत नाही. कोणती गाडी, यावर मात्र प्रत्येकाचं मत वेगळं. म्हणून ही वही.

आधी वापर लिहून काढला, गाडीचं नाव नंतर. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर, त्याहून जास्त नाही. चालवणार मुख्यतः मी. माणसं चार. पुण्याला जाताना हायवे आणि खंबाटकी, गावाकडे अरुंद रस्ता, चढ आणि चार महिने पाऊस. मी कोरेगावला नोकरीला एसटीनंच जाते आणि जात राहणार, त्यामुळे गाडी रोज निघणार नाही. उभी राहणार साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात, जिथे समोरून रिक्षा आली की एकाला मागे जावं लागतं. पैसे: सहा लाख, बँकेत आहेत. लेकीच्या शिक्षणाची ठेव मोडायची नाही, यावर ह्यांचं आणि माझं एकमत आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

भावोजींच्या आग्रहाखातर शोरूमला जाऊन आलो. गाडी देखणी आहे, यात वादच नाही. पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची पट्टी, आत टीव्हीएवढा स्क्रीन, छताला सनरूफ. लेक सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभी राहिली तेव्हा तिला लगेच खाली बसवलं. चालत्या गाडीत असं उभं राहिलेल्या मुलाचं एका ब्रेकसरशी काय होईल, हे तिला तिथेच समजावून सांगितलं. शोरूमचा विक्री करणारा मुलगा नम्र होता, त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या गोष्टीवर गेला.

मला बघायचं होतं ते आई (सासूबाई) कशा बसतात ते. फिजिओथेरपिस्टनी पद्धत शिकवली आहे: आधी पाठ सीटकडे करायची, हात टेकून मागे बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. त्यासाठी सीट गुडघ्याच्या खाली असून चालत नाही आणि फार वर असूनही चालत नाही. या गाडीची सीट आईंच्या खुर्चीपेक्षा चांगली वीतभर उंच, आणि दाराखालचा उंबरा रुंद. पाठ टेकवायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. उतरताना तर मी आणि ह्यांनी दोन्हीकडून धरलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण गाडीत परत बसून पाहा म्हटल्यावर "राहू दे" म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांच्या खुर्चीची उंची टेपनं मोजून वहीत लिहून ठेवली. इथून पुढे प्रत्येक गाडीला टेप लावायचा.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज नुसता हिशेब.

शोरूम किंमत १२,५०,०००. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर १२ टक्के, म्हणजे १,५०,०००. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेता खरेदीच्या वेळीच वसूल करतो तो कर) १२,५००. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण आज खिशातून जातो. विमा आणि किरकोळ धरून ५७,५००. एकूण १४,७०,०००. हातचे चार लाख सत्तर हजार भरले तरी दहा लाखांचं कर्ज उरतं. ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता महिन्याला १६,०८९. सात वर्षांत नुसतं व्याजच साडेतीन लाख. म्हणजे १२.५ लाखांच्या गाडीसाठी आमच्या घरातून सव्वाअठरा लाख जाणार, तेही बँकेतल्या सहा लाखांतले बहुतेक संपवून.

दुसरी बाजू विम्याच्या कागदावरच मिळाली. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जो घसारा वजा करतात त्याचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. बाजारभाव मॉडेलप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा हीच. पाच-सहा वर्षांची गाडी घेतली तर मोठी घट पहिल्या मालकानं सोसलेली असते आणि नीट वापरलेल्या पेट्रोल इंजिनाचं निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असतं. आरसीची (गाडीच्या नोंदणीची) मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे कागदावरही नऊ-दहा वर्षं हातात राहतात.

नव्या गाडीच्या बाजूनंही खरं ते लिहिते. वॉरंटी असते. आधी कुणी काय केलंय याची धास्ती नसते. सहा एअरबॅग मिळतात, आणि ही गोष्ट मला खरोखर हवीशी वाटते. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्यानं नवीच घ्यावी, असं माझं मत आहे. आमची गाडी आठवड्यातले चार दिवस उभी राहणार आहे. उभ्या गाडीसाठी सात वर्षं हप्ते भरणं मला पटत नाही. आज रात्री हे सगळं ह्यांच्यासमोर मांडलं. जुनी घ्यायची, असं ठरलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गल्लीत तीन नव्या गाड्या आल्या. भावोजी आले होते, थोडे नाराज आहेत. "लोक काय म्हणतील, दुकानदाराच्या घरात जुनी गाडी?" आईंनीच उत्तर दिलं, "मला बसता आलं पाहिजे. लोक कुठं बसणारेत त्यात?" विषय तिथे थांबला.

५ ऑक्टोबर, रविवार

आमचे मिस्त्री तीस वर्षं गाड्या खोलतायत. त्यांच्या गॅरेजवर बसून यादी केली.

डिझेल बाद. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी सलग वेगात धावावी लागते. बाजारात आणि शाळेपर्यंतच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो. मिस्त्री म्हणाले, "तुमच्या रनिंगला डिझेल घेणं म्हणजे तुमचंच नुकसान, मॅडम. माझं नाही."

वर्ष: जुलै २०१९ किंवा त्याच्या आसपासचं. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर. शिवाय एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आधीपासूनच असते.

मग सुरक्षा. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटवून बघते आणि पाचपैकी तारे देते. तिच्या चाचण्यांत वॅगनआरला २०१९ मध्ये दोन तारे मिळाले. बसायला ती उत्तम, सुटे भाग खेड्यातही मिळतात, पण आईंना आणि लेकीला घेऊन हायवेला जायचंय म्हणून ती मी यादीतून काढली. टाटा अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच तारे, आणि तिचे दरवाजे पूर्ण काटकोनात उघडतात, जे गुडघे न वाकणाऱ्या माणसासाठी फार मोलाचं आहे. होंडा जॅझला मोठ्यांसाठी चार तारे, लहानांसाठी तीन. जॅझ उंच बांध्याची आहे, मागे पाय सोडायला ऐसपैस जागा, टाकी ४० लिटरची, डिकी ३५४ लिटरची. व्हीलचेअर घडी करून आत जाते का, हे बघायचं.

जॅझबद्दल एक शंका होती: कंपनीनं ती २०२३ मध्ये बंद केली. मिस्त्रींनी ती लगेच सोडवली. १.२ लिटरचं तेच इंजिन अमेझमध्ये आहे आणि अमेझ अजून विकली जाते, त्यामुळे इंजिनाचे, क्लचचे, ब्रेकचे भाग मिळत राहणार. अवघड जाईल ते मागच्या दिव्यांचं आणि बंपरचं. "ते सांभाळायचं." बंद झालेल्या मॉडेलचा भाव थोडा कमी असतो, तो आपल्या फायद्याचा.

अल्ट्रोझ आणि जॅझ, या दोनच ठेवल्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

पुण्यात एका विक्रेत्याकडे गेलो. त्याच्याकडे दोन्ही मॉडेल उभी होती. (नोंदणीकृत विक्रेत्याला आता त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तो किमतीत येतोच. मालकाकडून थेट घेतली तर तो लागत नाही.)

आधी अल्ट्रोझ. दरवाजा खरोखर सुरेख उघडतो, पण आईंना सीट खोल वाटली. उठताना गुडघ्यावर जोर आला. टेपनंही तेच सांगितलं.

मग जॅझ, २०१८ ची. आई एका प्रयत्नात बसल्या. सीट त्यांच्या खुर्चीपेक्षा जेमतेम दोन बोटं खाली. पाय आत घेताना कुठे अडले नाहीत. मॉडेल आमच्यासाठी योग्य, हे तिथेच कळलं.

ती गाडी मात्र घेतली नाही, आणि का ते नीट लिहून ठेवते. पॉलिश इतकं की आरशासारखी चमकत होती, इंजिनवर काळा चकचकीत स्प्रे मारलेला. मीटरवर ३८,००० किलोमीटर. क्लच पेडलच्या रबराकडे बघितलं तर डाव्या बाजूच्या रेघा पार झिजून गुळगुळीत. स्टिअरिंगवर नवं कव्हर. कव्हर सरकवलं तर आतलं चामडं तळव्याच्या जागी तकाकलेलं. सर्व्हिस बुक विचारलं, तर "आधीच्या मालकाकडून हरवलं". मी गाडीचा नंबर लिहून घेतला आणि अधिकृत सेवा केंद्रात चौकशी केली. जुलै २०२२ ची शेवटची नोंद: ७१,२०० किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी एकाहत्तर हजार आणि आज अडतीस.

मीटर मागे घेणं आता यंत्र लावून काही मिनिटांत होतं, त्यामुळे मीटरच्या आकड्याला मी पुरावा मानणार नाही. तारीख आणि किलोमीटर एकत्र लिहिलेली जुनी बिलं हाच पुरावा.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. भाव उतरलेत. नव्या गाड्या स्वस्त झाल्यामुळे जुन्या गाड्यांच्या मालकांनाही खाली यावं लागतंय. ज्यांच्याशी सप्टेंबरमध्ये फोनवर बोलले होते त्यांतले दोघं आता स्वतःहून पंचवीस-तीस हजार कमी सांगतायत.

आज ह्यांच्या मित्रानं सुचवलेली एक गाडी बघितली. आमच्या यादीतली नव्हे, मोठी सेडान, पण "साडेचार लाखांत असली गाडी मिळणार नाही" म्हणून बघून तरी या असा आग्रह. पासिंग एमएच-१०. सांगली-कोल्हापूरकडच्या गाडीला मी दोन वर्षं आधी विचारते: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. त्या दोन महापुरांत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांतल्या काही विमा कंपनीकडून लिलावात गेल्या, धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. चिपळूणच्या गाड्यांचंही तसंच.

मिस्त्रींनी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. बेल्टचा रोज वापरात येणारा भाग स्वच्छ, पण एरवी आत गुंडाळलेला राहतो तो शेवटचा हातभर पट्टा पिवळसर, त्यावर आडवी रेघ. मग सीटखालच्या पट्टीचे बोल्ट दाखवले, ते गंजलेले. डिकीतलं स्टेपनी चाक काढलं, खाचेच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, बोटाला बारीक गाळ लागला. वर कार्पेट नवंकोरं. विकणारा म्हणत होता गाडी कधी पाण्यात गेली नाही. आम्ही वाद घातला नाही. परत येताना मिस्त्री म्हणाले, "पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग आज चालतं, उद्या चालतं, आणि एक दिवस घाटात बंद पडतं."

२ नोव्हेंबर, रविवार

वाईला एक जॅझ आहे. मालकाकडून थेट. जून २०१९, पेट्रोल, पासिंग एमएच-११, एकच मालक. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, आता दुसरं मूल झालंय आणि त्यांच्याबरोबर आई-वडीलही राहायला आलेत, म्हणून सात सीटची घेतायत. मागितले ५,७५,०००.

दिसायला ती पुण्याच्या गाडीपुढे काहीच नाही. मागच्या बंपरला दोन्ही कोपऱ्यांत घासल्याच्या खुणा, डाव्या दाराला कुठल्याशा हँडलची रेघ, मागच्या सीटवर लहान मुलाच्या खाऊचे डाग. धुतलेलीही नव्हती. मला ती बघताक्षणी बरी वाटली. ज्यानं विकण्यासाठी रंग मारला नाही त्यानं बाकीही काही झाकलेलं नसण्याची शक्यता जास्त.

बाईंनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून सगळी बिलं काढून दिली. पहिल्या सर्व्हिसपासून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फोल्डर दोन दिवस ठेवून घ्यायला दिलं, ही मोठीच गोष्ट. रात्री बसून वर्षागणिक मांडणी केली. २०२० मध्ये जवळपास काहीच रनिंग नाही, टाळेबंदीचं वर्ष, जुळतं. नंतर दर वर्षी दहा-बारा हजार. आज मीटरवर ६१,४००. प्रत्येक नोंद चढत्या क्रमानं, कुठेही उडी नाही. सेवा केंद्राकडच्या नोंदीही तशाच. चाळीस हजारांच्या सर्व्हिसला टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हमधली फट) तपासल्याचं बिलात लिहिलंय. या इंजिनाचे टॅपेट हातानं सेट करावे लागतात आणि बरेच जण ते टाळतात. २०२२ मध्ये पुढचा उजवा मडगार्ड विम्यातून बदललेला. हे त्यांनी आधीच तोंडी सांगितलं होतं, बिलात तेच निघालं.

नवी गाडी घेणारा मॉडेल निवडतो. तिथे शोरूममधली कुठलीही एक उचलली तरी सारखीच. जुन्यात मॉडेल हा पहिला टप्पा झाला. एकाच महिन्यात एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन जॅझ आज पूर्ण वेगळ्या गाड्या असतात. आपण घेतो ती ही एक गाडी आणि तिच्याशी सहा वर्षं कोण कसं वागलं तो इतिहास.

८ नोव्हेंबर, शनिवार

मिस्त्रींना घेऊन वाईला. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. मग सुरू केली. गार इंजिन पहिल्या सेल्फला लागलं, मागे मी सायलेन्सरजवळ उभी. निळा धूर असता तर ऑइल जळतंय, पांढरा सतत येत राहिला तर कूलंट आत उतरतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थोडी वाफ आली आणि मिनिटाभरात गेली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, बॅक कॉम्प्रेशन (तिथून जोरात बाहेर येणारा धूर) नाही. झाकणाच्या आत पांढरट साय नाही. कूलंट स्वच्छ.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्यांनी पेंटिंगवाल्याकडून आणलं होतं. बॉनेट, छत, दारं सगळीकडे १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे कंपनीचाच रंग. पुढचा उजवा मडगार्ड २३०, बिलातला तोच. पोचा बुजवायला पुट्टी भरलेली असती तर आकडा पाचशेच्या वर गेला असता. मग टॉर्च लावून सांगाड्याचा पुढचा आडवा भाग (क्रॉस मेंबर) आणि चाकांवरचे आतले पत्रे (एप्रन) बघितले: कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके जागच्या जागी, कुठे ठोकून सरळ केल्याची खूण नाही. चेसिस नंबर आरसीशी जुळवला. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोणताही कोड साठलेला नाही.

पसरणी घाटात चालवली. आधी मिस्त्रींनी, मग मी. चढावर मध्येच थांबवून परत उचलली, क्लच ठीक. दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून ओढते, पण तिसऱ्यात वळणावर दम लागतो. इंजिन ९० पीएसचं आहे आणि त्याला फिरवावं लागतं. खाली उतरताना ब्रेक सरळ लागतात. खडबडीत पट्ट्यावर पुढून डावीकडे टक-टक: सस्पेन्शनचे लिंक रॉड गेलेत. टायरवरचे चार आकडे वाचले, १९१९, म्हणजे २०१९ चा एकोणिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर. नक्षी शिल्लक आहे, पण रबर कडक झालंय आणि कडेला बारीक भेगा. चारही बदलायचे. बॅटरीही शेवटाला आलेली.

मिस्त्रींचा निकाल एका वाक्यात: "घ्या, पण टायरचे पैसे कापून घ्या."

९ नोव्हेंबर, रविवार

मालक गाडी घेऊन साताऱ्याला आले. आई बसल्या, उतरल्या, मागच्या सीटवरही बसून बघितलं. व्हीलचेअर डिकीत आडवी मावते. बोळातून गाडी आत आली, दोन्ही आरसे उघडे ठेवून.

मिस्त्रींनी लिहून दिलेली कामांची यादी समोर ठेवली. टायर, बॅटरी, लिंक रॉड, किमतीसह. घासाघीस फारशी झाली नाही. ५,३०,००० वर ठरलं. इसार म्हणून दहा हजार, चेकनं, पावती घेऊन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अडचण निघाली. वाहन पोर्टलवर आरसी तपासली तर अजून बँकेचा बोजा दिसतोय. कर्ज २०२३ मध्येच फिटलंय, पण बोजा उतरवायला आरटीओत गेलंच नाही कुणी. हे फार घरांत होतं: शेवटचा हप्ता गेला की माणूस सुटल्यासारखा होतो, पण आरसीवर बँक तशीच राहते. आता बँकेकडून नव्यानं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागणार, कारण जुन्या पत्राची मुदत संपलेली. बोजा उतरल्याशिवाय बाकीचे पैसे नाहीत, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनीही मान्य केलं.

सोमवारी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला. त्यातली गाडी किती हातांतून गेली आणि कागद कसे जुन्याच नावावर राहिले, हे बातम्यांत सतत चाललंय. वाईच्या ताईंनी स्वतःच फोन केला, "नावावर झाल्याशिवाय किल्ली देणार नाही हं, राग मानू नका." मला ते शंभर टक्के पटलं. कायदा विकणाऱ्याला चौदा दिवस देतो, घेणाऱ्याला तीस. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. म्हणजे नाव न बदलणं हा विकणाऱ्याच्या गळ्यातला फास आहे.

ई-चलनंही बघून घेतली. वेगमर्यादेची दोन थकलेली होती, त्यांनी त्याच दिवशी भरली.

१ डिसेंबर, सोमवार

बोजा उतरला. पोर्टलवर आज स्वच्छ दिसतंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधार, पॅन, पीयूसी, विमा जोडून अर्ज दाखल. बाकीचे ५,२०,००० बँकेतून बँकेत. विक्रीची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांचा कागद केला, म्हणजे त्याआधीचं चलन त्यांचं, नंतरचं आमचं.

विम्याचं बरेच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो मालक आपल्या नव्या गाडीला नेतात, आपल्याला फरक भरावा लागतो. आमचा फरक ४,१०० आला. लगेच भरला.

१३ डिसेंबर, शनिवार

गाडी मिस्त्रींकडे. चार टायर २३,६००, बॅटरी ५,२००. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि प्लग मिळून ९,४००. लिंक रॉड आणि बुश ५,८००. टॅपेट सेटिंग १,५००, वायपर ९००. एकूण ४६,४००. जुनी गाडी घेताना किमतीच्या आठ-दहा टक्के बाजूला ठेवायचे आणि पहिल्याच महिन्यात ही कामं उरकायची, असं मी कुणालाही सांगेन. नव्या मालकासाठी गाडीचा हिशेब तिथून सुरू होतो: अमुक तारखेला सगळं ऑइल नवं, अमुक तारखेला टायर नवे.

बंपरच्या खुणा तशाच ठेवल्या. भावोजींनी पेंटिंगचा खर्च स्वतः देतो म्हटलं. मी तेवढ्याच पैशांत लेकीसाठी मागच्या सीटची योग्य मापाची बूस्टर सीट मागितली, ती त्यांनी आनंदानं आणली.

२२ डिसेंबर, सोमवार

आरसी आली, माझ्या नावावर. एकूण खर्च: गाडी ५,३०,०००, कामं ४६,४००, विम्याचा फरक ४,१००, आरटीओची फी १,९००. बेरीज ५,८२,४००. सहा लाखांच्या आत. हप्ता नाही.

आईंची पुण्याची तपासणी झाली. टाकी फुल करून निघालो, परत येऊन फुल केली: लिटरला सोळा किलोमीटरच्या थोडं वर. खंबाटकीत एसी चालू होता. आईंनी वाटेत एकदाच थांबायला सांगितलं, चहासाठी.

पुढची कामं: मार्चमध्ये विम्याचं नूतनीकरण, त्या आधी तीन कंपन्यांचे भाव घ्यायचे. पावसाळ्याआधी मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून बघायचे. ७०,००० ला सर्व्हिस. वाईच्या ताईंचं फोल्डर आता आपल्याकडे आहे, आजपर्यंतची आपली बिलं त्यातच पुढे लावली.